अलास्कात 1972 ला हरवलेलं सेस्ना 310: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विमानाबद्दल कुठेही विषय निघाला की तेच ते दहा-वीस प्रश्न येतात, आणि अर्धी उत्तरं ऐकीव असतात, त्यात बॉम्ब असतो, त्रिकोण असतो, परग्रहवासी पण असतात. म्हणून जे पक्कं माहीत आहे तेवढंच इथे एका जागी लिहितोय. ज्याला अपघात तपासाचे रिपोर्ट वाचायची सवय आहे त्याला यातलं बरंच माहीत असेल, बाकीच्यांनी सावकाश वाचा.

नेमकं झालं काय, आधी थोडक्यात सांगा ना

16 ऑक्टोबर 1972, सोमवार. सकाळी 9 च्या सुमाराला अलास्कातल्या अँकरेजहून एक दोन इंजिनांचं सेस्ना 310 उडालं, जायचं होतं जुनोला, अंतर साधारण नऊशे किलोमीटर. पायलट धरून आत चार माणसं. उडाल्यावर काही मिनिटांतच पायलटने रेडिओवर फ्लाइट प्लॅन नोंदवला, साडेतीन तासांत पोचतो म्हणाला, सहा तासांचं इंधन आहे म्हणाला. त्यानंतर त्या विमानाचा एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. दुपार झाली, जुनोला विमान आलंच नाही. आजपर्यंत ना विमान सापडलं, ना सीट, ना पंखाचा तुकडा, ना एखादी बॅग. काहीच नाही.

विमानात कोण होतं? एवढी चर्चा का होते याची?

हेल बॉग्ज होते म्हणून. लुइझियानाचे खासदार, आणि साधेसुधे नाही, अमेरिकन प्रतिनिधीगृहात बहुमतवाल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते, म्हणजे स्पीकरच्या खालोखाल वजन असलेला माणूस. सोबत निक बेगिच, अलास्काचे एकमेव खासदार, वय फक्त 40. नोव्हेंबरात निवडणूक होती, बॉग्ज बेगिच यांच्या प्रचाराला आणि निधी गोळा करायला मदत म्हणून तिकडे गेले होते. तिसरे बेगिच यांचे सहाय्यक आणि चौथा पायलट. या दोघांची नावं इथे लिहीत नाहीये, पण एक गोष्ट मनाला लागते ती सांगतो, कुठलाही लेख काढा, दोन खासदारांवर पानंच्या पानं आणि बाकी दोघांवर एखादी ओळ. घरं चारही जणांची होती.

नऊशे किलोमीटर विमानाने कशाला, गाडीने का नाही गेले?

कारण जुनो ही राज्याची राजधानी असूनही तिथे बाहेरून रस्ताच जात नाही. एका बाजूला समुद्र, मागे डोंगर आणि हिमक्षेत्र, त्यामुळे एकतर बोट नाहीतर विमान. अलास्कात हे सगळीकडेच थोड्याफार फरकाने असं आहे, छोटं विमान ही तिथे चैन नाही, लोक त्यातून दवाखान्यात जातात, किराणा आणतात. म्हणून "एवढ्या हवेत उडालेच कशाला" हा प्रश्न विचारताना हे डोक्यात ठेवा की तिकडे खराब हवा असलेला दिवस म्हणजे नेहमीचा दिवस.

हवा किती खराब होती त्या दिवशी?

चांगलीच खराब. आणि हे मागाहून कळलेलं नाही, पायलटने सकाळी स्वतः हवामानाची माहिती घेतली होती. अँकरेजहून निघालं की टर्नअगेन आर्म नावाच्या खाडीवरून जायचं, मग पोर्टेज खिंडीतून डोंगर ओलांडून प्रिन्स विल्यम साउंड या समुद्राच्या फाट्यावर यायचं, आणि तिथून किनारा धरून याकुटाटवरून जुनो, हा त्या भागातला नेहमीचा मार्ग. ही पोर्टेज खिंडच त्या सकाळी बंद सांगितली होती, म्हणजे ढग इतके खाली की बाहेर बघत बघत पलीकडे जाता येणार नाही. शिवाय ढगांत बर्फ धरण्याचा इशारा होता आणि डोंगरांजवळ हवेचे जोरदार हिसके. त्या खिंडीचं काय आहे, दोन्हीकडे उंच डोंगर आणि मध्ये चिंचोळी वाट, त्यामुळे वारा तिथे आवळला जाऊन प्रचंड वेगाने सुटतो, साध्या दिवशीसुद्धा ती खिंड लहान विमानाला सुखाने जाऊ देत नाही.

मग व्हीएफआर फ्लाइट प्लॅन का दिला? हे व्हीएफआर म्हणजे काय ते पण सांगा

व्हीएफआर म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघून उडवायचे नियम. जमीन, डोंगर, पाणी दिसत राहिलं पाहिजे, ढगात शिरायचं नाही. दुसरा प्रकार आयएफआर, त्यात ढगात असलात तरी चालतं, उपकरणांवर उडवायचं, पण त्यासाठी डोंगरांच्या बरंच वर ठरलेल्या उंचीवर राहावं लागतं. आता गंमत नाही, खरी अडचण अशी की या सेस्नाला पंखावरचा बर्फ काढायची किंवा धरूच न देण्याची यंत्रणा नव्हती. वर जावं तर ढगात बर्फ, खाली राहावं तर खिंड बंद. म्हणजे त्या सकाळी, त्या विमानाला, त्या मार्गाने जायला बिनधोक असा पर्यायच उरला नव्हता असं माझं मत आहे. पायलटने नक्की कुठला रस्ता धरला, खिंडीतून गेला, वळसा घातला की ढगांच्या वरून जायचा प्रयत्न केला, हे कळायला काहीच मार्ग नाही.

पायलट नवखा होता का?

अजिबात नाही. जवळपास 17,000 तासांचं उड्डाण नावावर, अलास्कात वर्षानुवर्षं उडवलेला, स्वतःची छोटी चार्टर कंपनी. इतकंच काय, पंखावर बर्फ धरण्याला उगाच घाबरायचं नसतं अशा अर्थाचा त्याचा एक लेख विमानविषयक मासिकात त्याच सुमाराला आला होता. लोक हे वाचून लगेच निकाल देतात की बघा, फाजील आत्मविश्वास. मला इतकं सोपं वाटत नाही. अनुभवी माणूस अशा हवेतून शंभर वेळा सुखरूप बाहेर आलेला असतो, आणि प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर त्याची "चालतंय" ची रेषा थोडी पुढे सरकते. हे फक्त पायलटचं होतं असं पण नाही, सर्जनचं होतं, मच्छीमाराचं होतं, घाटात रोज गाडी चालवणाऱ्याचं पण होतं. पण अपघात नक्की त्यामुळेच झाला हे सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे गेलेल्या माणसावर शिक्का मारण्याआधी थांबा.

पंखावर थोडा बर्फ जमला तर एवढं काय होतं?

वजन वाढतं असं सगळ्यांना वाटतं, पण खरा घात वजनाने होत नाही, आकार बिघडल्याने होतो. ढगात पाण्याचे बारीक थेंब शून्याच्या खाली गेले तरी पाणीच राहतात, आणि विमानाचा पंख येऊन आपटला की त्याच क्षणी गोठतात. पंखाच्या पुढच्या कडेवर खरखरीत किंवा काचेसारखा थर बसतो, हवा पंखावरून जशी गुळगुळीत वाहायला पाहिजे तशी वाहत नाही, उचल कमी होते आणि मागे ओढणारा जोर वाढतो. त्याच वेळी प्रॉपेलरवर पण बर्फ, म्हणजे पुढे ओढणारा जोर कमी. समोरची काच पांढरी झालेली. इंजिनं पूर्ण ताकदीने चालू आहेत आणि विमान तरीही उंची सोडत चाललंय, असं होतं. सपाट मुलुख असेल तर खाली उबदार हवेत जाऊन बर्फ वितळतो. खाली या मार्गावरच्या चुगाच पर्वतासारखे डोंगर असतील तर खाली जायला जागाच नसते. आणि पंखाची उचल नेहमीपेक्षा जास्त वेगालाच संपते, म्हणजे ज्या वेगाला पायलटला वाटतं की अजून सुरक्षित आहोत त्याच वेगाला विमान अचानक खाली पडू शकतं.

ढगात शिरलं म्हणून विमान पडतं का लगेच?

विमान नाही पडत, माणसाचा तोल जातो. कानातला तोल सांभाळणारा भाग हळू वळण ओळखतच नाही, बाहेर क्षितिज दिसत नसेल तर विमान एका बाजूला झुकलंय हे शरीराला कळतच नाही, उलट सरळ केलं की वाकडं झाल्यासारखं वाटतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने 1954 मध्ये एक प्रयोग केला होता, उपकरणांवर उडवायचा अनुभव नसलेले 20 जण घेतले आणि बाहेरचं दिसणं बंद केलं. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं, सरासरी 178 सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

आता आपल्या केसमधला पायलट या वीस जणांसारखा नव्हता, त्याला उपकरणांवर उडवता येत होतं, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा त्याला लावू नका. पण हिसके देणारी हवा, बर्फ, डोंगर आणि एकटा पायलट हे सगळं एकदम आलं की अनुभवी माणसाकडेही हातात फार वेळ नसतो. मदत मागायला रेडिओचं बटण दाबायचं म्हटलं तरी एक हात आणि थोडं डोकं मोकळं लागतं. म्हणून शेवटचा संदेश आला नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. शिवाय डोंगराच्या आडोशाला असाल तर संदेश दिला तरी पलीकडे पोचत नाही.

रडारवर दिसलं नाही? ब्लॅक बॉक्स?

1972 चा अलास्का आहे, आणि डोंगरांमध्ये खालून उडणारं लहान विमान. रडार सरळ रेषेत बघतं, डोंगराच्या मागचं त्याला दिसत नाही. ब्लॅक बॉक्स अशा लहान विमानात नसायचा, आजही बहुतेक लहान विमानांत नसतो, आणि असता तरी आधी विमान सापडायला हवं ना.

इमर्जन्सी बीकन होतं की नव्हतं? दोन्ही वाचलंय

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीकन म्हणजे इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर, लोक ईएलटी म्हणतात. विमान आदळलं की धक्क्याने आपोआप चालू होतो आणि आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर एक विशिष्ट आवाज पाठवत राहतो, जवळून उडणाऱ्या विमानाला तो रेडिओवर ऐकू येतो. अलास्का राज्याने नुकताच, म्हणजे या उड्डाणाच्या जेमतेम महिनाभर आधी, राज्यातल्या राज्यात उडणाऱ्या विमानांना असं बीकन बंधनकारक केलं होतं. फ्लाइट प्लॅन नोंदवून घेणाऱ्याने रेडिओवर विचारलं की आणीबाणीचं सामान आणि बीकन आहे का, तर पायलटने हो सांगितलं. पण नंतर तपासात काय निघालं, तर पायलटकडे जो हातात न्यायचा छोटा ट्रान्समीटर असायचा तो फेअरबँक्सला दुसऱ्याच एका विमानात सापडला. तपास करणाऱ्या एनटीएसबीचा, म्हणजे अमेरिकेतल्या वाहतूक अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेचा, निष्कर्ष असा की ना विमानात बीकन होतं ना पायलटजवळ.

खोटं बोलला का? मला तसं म्हणता येणार नाही. ती वस्तू बॅगेत आहे असं समजून माणूस सहज हो म्हणून जातो. पण त्या एका "हो" ला कुणी प्रत्यक्ष उघडून बघितलं असतं तर पुढचे 39 दिवस शोधणाऱ्यांना निदान ऐकायला काहीतरी मिळण्याची शक्यता होती. ऐकायला काहीच मिळालं नाही.

शोध किती मोठा होता?

त्या काळातला अमेरिकेतला सगळ्यात मोठा म्हणतात. 39 दिवस चालला, 24 नोव्हेंबर 1972 ला थांबवला. कोस्ट गार्ड, हवाई दल, नौदल, लष्कर, सिव्हिल एअर पॅट्रोलचे स्वयंसेवक, खाजगी पायलट, सगळे. लष्कराची 40 आणि खाजगी 50 च्या आसपास विमानं. खूप उंचावरून फोटो काढणारं एसआर-71 हे टेहळणी विमानही आणलं होतं. शोधक्षेत्र 3,25,000 चौरस मैल, म्हणजे साडेआठ लाख चौरस किलोमीटरच्या जवळपास, अख्ख्या महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त.

पहिले दिवस मात्र हातातून गेले. ज्या हवेने विमान गायब केलं तीच हवा शोधणाऱ्यांनाही खाली येऊ देत नव्हती. आणि ऑक्टोबर म्हणजे तिकडे नवीन बर्फ पडायला लागलेला, दिवस रोज लहान होत चाललेला.

एवढी विमानं, एवढे दिवस, तरी एक तुकडा सापडू नये? पटत नाही

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मनापासून येतो, म्हणून याला उडवून लावू नये असं मला वाटतं. पण जरा शोधणाऱ्याच्या जागी बसून बघा. तुम्ही खिडकीला नाक लावून बसलाय, खाली पांढरा डोंगर, पांढरी हिमनदी, काळे खडक, काळी सावली, विमान ताशी दोनशे किलोमीटरने चाललंय, एका जागेवर नजर दोन सेकंद टिकते. तुम्ही शोधताय ते अखंड विमान नाही, डोंगराला आपटलेलं लहान विमान म्हणजे एका खोलीत मावेल इतका चुरगळलेला पत्रा. त्यावर एका रात्रीत अर्धा मीटर बर्फ पडला की संपलं. आणि आपटण्याच्या धक्क्याने वरचा बर्फ सरकून अख्खं विमान गाडलं जाणं पण शक्य असतं.

समुद्रात पडलं असेल तर अजून अवघड. अलास्काच्या आखातात खोल आणि बर्फासारखं पाणी, वारा आणि लाटा, तेलाचा तवंग काही तासांत पसरून जातो. तिथे माणूस पाण्यात फार वेळ तग धरत नाही.

अजून एक उदाहरण देतो, हवामान खराब नसतानाचं. जगप्रसिद्ध साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट 3 सप्टेंबर 2007 ला नेवाडातून एका छोट्या विमानातून निघाले आणि परतले नाहीत. स्वच्छ दिवस, उन्हाळा, पैसा आणि माणसं कमी नव्हती, उपग्रहाचे फोटो इंटरनेटवरून हजारो लोक तपासत होते. त्या शोधात इतरांचे जुने, विसरलेले अवशेष सापडले पण फॉसेट सापडले नाहीत. वर्षभरानंतर, 2008 च्या सप्टेंबर अखेरीला कॅलिफोर्नियात एका डोंगरात फिरायला गेलेल्या माणसाला त्यांचं ओळखपत्र पडलेलं दिसलं आणि त्यावरून विमान मिळालं. एनटीएसबीने कारण दिलं, डोंगरावरून खाली येणारे हवेचे जोरदार झोत. हे 2007 चं, कोरड्या हवेतलं. 1972 ला वादळात काय होणार होतं!

अधिकृत कारण काय दिलंय?

कारण ठरवता आलं नाही, असं. अवशेषच नसतील तर इंजिन तपासायचं कशाचं आणि पंख बघायचे कुठले. एनटीएसबीने 1973 च्या सुरुवातीला रिपोर्ट दिला, त्यात हवामान मार्गावर डोळ्यांनी बघून उडायला योग्य नव्हतं आणि विमानाला बर्फाविरुद्धची यंत्रणा नव्हती हे स्पष्ट लिहिलंय, पण त्यापुढे उडी मारलेली नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. "अनएक्सप्लेन्ड" याचा अर्थ एवढाच की पुरावा नाही. गूढ शक्ती होती असा अर्थ त्यातून निघत नाही.

बेपत्ता असताना निवडणूक जिंकले हे खरं?

खरं आहे. शोध चालू होता आणि 7 नोव्हेंबरला मतदान झालं. बेगिच यांना 56 टक्के मतं पडली, विरोधात डॉन यंग हरले. बॉग्ज यांच्यासमोर उमेदवारच नव्हता. डिसेंबरात अलास्कात बेगिच यांना कायद्याने मृत मानण्यात आलं, आणि 3 जानेवारी 1973 ला नवीन प्रतिनिधीगृह भरलं तेव्हा बॉग्ज यांची जागा रिकामी जाहीर झाली. पुढे पोटनिवडणुकांत अलास्कातून तेच डॉन यंग निवडून आले आणि 2022 मध्ये मृत्यू होईपर्यंत खासदार राहिले, 49 वर्षं. लुइझियानातून बॉग्ज यांच्या पत्नी लिंडी बॉग्ज आल्या, त्या 1991 पर्यंत होत्या. बेगिच यांचा मुलगा मार्क नंतर अलास्काचा सिनेटर झाला, वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता.

बॉग्ज वॉरन कमिशनवर होते, एफबीआयशी भांडले होते, मग घातपात नसेल कशावरून?

होते, खरंय. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा तपास करणाऱ्या वॉरन कमिशनच्या सात सदस्यांपैकी ते एक. आणि एप्रिल 1971 मध्ये त्यांनी भर सभागृहात एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचे प्रमुख एडगर हूव्हर यांच्यावर खासदारांचे फोन टॅप केल्याचा आरोप करून राजीनामा मागितला होता. इथपर्यंत नोंद आहे. पण हूव्हर स्वतः मे 1972 मध्ये वारले, म्हणजे विमान हरवायच्या पाच महिने आधी, हे ही थिअरी सांगणारे सांगत नाहीत.

नंतरच्या काळात एका कैद्याने बॉम्बशी आपला संबंध असल्याचं सांगितलं होतं. एफबीआयच्या जुन्या कागदांत अवशेष आणि जिवंत माणसं दिसल्याची एक खबर पण आहे, 1990 च्या दशकात ती बाहेर आली तेव्हा मोठा गवगवा झाला. दोन्हीतून हाती काही लागलं नाही. मी असं म्हणणार नाही की घातपात अशक्यच होता, विमान सापडेपर्यंत कुणालाच तसं म्हणता येणार नाही. पण एका पारड्यात बंद खिंड, बर्फ, यंत्रणा नसलेलं विमान आहे आणि दुसऱ्यात ऐकीव गोष्ट आहे. मला पहिलं पारडं जड दिसतं.

अलास्का ट्रँगल?

अँकरेज, जुनो आणि उत्तरेचं टोक अशा तीन ठिकाणांत रेघा ओढल्या की त्रिकोण होतो, आणि त्यात अलास्काचा केवढा तरी भाग येतो. जिथे रस्त्याऐवजी विमान आहे, डोंगर आहेत, हवा क्षणात बदलते, तिथे विमानं हरवणारच. जानेवारी 1950 मध्ये अँकरेजहून निघालेलं लष्कराचं सी-54 विमान 44 जणांसकट शेजारच्या कॅनडातल्या युकॉनमध्ये हरवलं, तेही अजून सापडलेलं नाही. ट्रँगल म्हटलं की कारण शोधणं थांबतं, एवढंच माझं म्हणणं.

ईएलटीचा कायदा या अपघातामुळे आला ना?

पूर्णपणे नाही, आणि यामागची खरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. मार्च 1967 मध्ये एक लहान विमान खराब हवेत कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात पडलं. आत आई, विमान चालवणारे सावत्र वडील आणि 16 वर्षांची मुलगी. शोध झाला, सापडलं नाही, थांबवला. ऑक्टोबरात शिकाऱ्यांना अवशेष मिळाले आणि त्यात मुलीने लिहून ठेवलेल्या नोंदी. त्यावरून कळलं की ती निदान 54 दिवस जिवंत होती. चोपन्न दिवस, बर्फात, वरून जाणारी विमानं ऐकत.

त्यानंतर अमेरिकन संसदेने 1970 च्या डिसेंबरमध्ये बहुतेक लहान विमानांना बीकन सक्तीचं करणारा कायदा केला, पण जुन्या विमानांना 1973 च्या अखेरपर्यंत मुदत दिली. सेस्ना हरवलं ते नेमकं या मुदतीच्या काळात. म्हणजे ज्या संसदेने कायदा केला तिचेच दोन सदस्य बीकन नसलेल्या विमानात गेले. या घटनेने त्या नियमाला जोर आला हे बरोबर, कायदा आधीच झालेला होता.

आज असंच विमान हरवलं तर सापडेल का?

शक्यता खूप जास्त, खात्री नाही. 1972 मध्ये बीकन असतं तरी ते ऐकायला वरून कुणीतरी उडत जावं लागत होतं. पुढे अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत युनियन यांनी मिळून कोस्पास-सारसॅट ही उपग्रह यंत्रणा उभी केली, शीतयुद्ध चालू असताना, हे विसरू नका. सप्टेंबर 1982 मध्ये त्यातून पहिली सुटका झाली, कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये पडलेल्या लहान विमानातली तीन माणसं, सिग्नल पकडला सोव्हिएत उपग्रहाने. ते विमान स्वतःच आधी हरवलेल्या दुसऱ्या विमानाच्या शोधात निघालं होतं.

आता 406 मेगाहर्ट्झची बीकनं आहेत, त्यात विमानाची ओळख आणि बऱ्याचदा जीपीएसची जागा पण जाते. जुन्या 121.5 मेगाहर्ट्झ वाल्यांचे सिग्नल उपग्रहांनी फेब्रुवारी 2009 पासून घेणं बंद केलं, कारण त्यावर खोटे इशारे फार यायचे. तरी बीकन फसतं कधीकधी: अँटेना आपटण्यातच तुटते, आग लागते, पाण्यात बुडतं. म्हणून तिकडचे अनुभवी पायलट आता वेगळा सॅटेलाइट ट्रॅकर पण ठेवतात जो दर काही मिनिटांनी जागा कळवत राहतो, म्हणजे आदळताना सगळं मोडलं तरी शेवटचा ठिपका नकाशावर उरतो.

घरच्यांना अजून आशा असेल का?

त्यांच्या वतीने बोलायचा मला हक्क नाही. एवढं सांगतो की अंत्यसंस्कार करायला काही नसतं तेव्हा माणूस मेला हे डोक्याला कळतं, मन मानत नाही, वर्षानुवर्षं फोन वाजला की दचकायला होतं. त्यामुळे कुठे नवीन "सापडलं!" असा व्हिडिओ दिसला तर फॉरवर्ड करायच्या आधी त्यांचा विचार करा. त्यांची मुलं, नातवंडं आहेत, ती हे सगळं वाचतात.

पोर्टेज हिमनदीजवळ 1986 मध्ये या दोन खासदारांच्या नावाने बेगिच-बॉग्ज पर्यटक केंद्र उघडलं, त्याच खिंडीच्या तोंडाशी.

इतक्या वर्षांनी सापडू शकतं का?

हिमनदीवर पडलं असेल तर हो. हिमनदी म्हणजे सरकणारा बर्फ, वर पडलेलं गिळते आणि दशकांनी खालच्या टोकाला बाहेर टाकते. याच भागातलं उदाहरण आहे: नोव्हेंबर 1952 मध्ये 52 जणांना घेऊन येणारं सी-124 ग्लोबमास्टर अँकरेजजवळ डोंगरावर आदळलं, अवशेष दिसले, पण बर्फामुळे लगेच हाती लागले नाहीत आणि मग गडप झाले. जून 2012 मध्ये कॉलनी हिमनदीवर तुकडे दिसायला लागले, साठ वर्षांनी, मूळ जागेपासून बरंच खाली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात लष्कराची टीम तिथे जाते आणि एकेका माणसाची ओळख पटवून घरच्यांकडे पाठवते. ग्लोबमास्टर मात्र सेस्नाच्या कितीतरी पट मोठं होतं. आणि सेस्ना समुद्रात गेलं असेल तर हे सगळं गैरलागू.

समजा डोंगरात फिरताना कुणाला विमानाचा तुकडा दिसला तर काय करायचं?

हात लावू नका, उचलून तर अजिबात आणू नका, तिथे माणसांचे अवशेष असू शकतात. फोटो काढा, जवळून आणि लांबून, म्हणजे आजूबाजूची जागा ओळखता येईल. जीपीएसचे आकडे लिहून घ्या. कुठेही नोंदणी क्रमांक दिसला तर त्याचा फोटो घ्या, अमेरिकन विमान असेल तर तो एन ने सुरू होतो, या सेस्नाचा एन 1812 एच होता. मग स्थानिक पोलिसांना कळवा, अलास्कात असाल तर स्टेट ट्रूपर्सना. बऱ्याच वेळा ते जुनं, आधीच नोंदवलेलं विमान निघतं, काहींवर तशी खूणही रंगवलेली असते. तरी कळवा.